पाच डॉक्टर आहेत, पण आमचा डॉक्टर कुणीच नाही

‘नमस्कार ताई,

माझं वय ६६, ह्यांचं ७१. जन्म गेला गिरगावात. दोन वर्षांपूर्वी चाळीतली जागा विकून दहिसरला लिफ्टच्या इमारतीत आलो, कारण ह्यांना तीन जिने चढवेनात. मुलगा कॅनडात आहे. ह्यांना पंधरा वर्षांपासून डायबेटिस, बीपी, प्रोस्टेट, आणि गेल्या वर्षी एक स्टेंट बसला. हार्टचे डॉक्टर अंधेरीला, शुगरचे बोरिवलीला, लघवीचे कांदिवलीला. शिवाय डोळ्यांचे वेगळे आणि पायाला मुंग्या येतात म्हणून न्यूरोचे वेगळे. दिवसाला अकरा गोळ्या. सकाळी उठताना चक्कर येते हे प्रत्येकाला सांगून झालं. प्रत्येक जण म्हणतो, माझ्या गोळीने नाही.

आमचे गिरगावचे डॉक्टर ७८ वर्षांचे आहेत, अजून संध्याकाळी बसतात. हे मला न सांगता लोकल पकडून त्यांच्याकडे जातात. मुलगा म्हणतो, सगळं एका मोठ्या हॉस्पिटलात हलवा, पैशाची काळजी करू नका. ह्यांना वाटतं, इथलं विकून गुहागरजवळ गावी जाऊन राहावं. मेडिक्लेम दोघांचा मिळून पाच लाखांचा आहे, हप्ता दरवर्षी वाढतो, तो चालू ठेवावा का? मला तसं काही नाही, गुडघे तेवढे दुखतात. पाच डॉक्टर आहेत, पण आमचा डॉक्टर कुणीच नाही. काय करावं?

— एक वाचक, दहिसर पूर्व’

काकू,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी न विचारता शीर्षक म्हणून उचललं, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हीच त्यात लिहून टाकलंय. मुंबईत हार्टचा, शुगरचा, लघवीचा डॉक्टर मिळायला अडचण नाही. तुमच्याकडे नाही तो या पाचही जणांचे कागद एका टेबलावर मांडून वाचणारा माणूस. इतकी वर्षं ते काम गिरगावचे डॉक्टर करत होते. जागा विकताना ते मागे राहिले, आणि काका अजून तिकडेच का जातात हेही मला त्यातून कळलं. तेव्हा मुलगा सांगतोय त्याच्या उलट क्रमाने जा: आधी चालत जाता येईल असा एक डॉक्टर, मग रात्री-अपरात्री गाठायचं एक हॉस्पिटल. स्पेशालिस्ट त्यानंतर, आणि तेही जितके कमी तितकं बरं.

पण आधी चक्कर, कारण तिच्याबाबत थांबून चालणार नाही. ७१व्या वर्षी बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं तर बाकी सगळे प्रश्न बाजूला राहतात. मी डॉक्टर नाही, म्हणून उत्तर देत नाही. विचारायचे प्रश्न देते. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनच्या जातीची गोळी देतात, तिने उभं राहताना बीपी खाली येऊ शकतं. बीपीच्या गोळ्या तर त्यासाठीच असतात. शुगरच्या काही नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात; त्याने लघवी वाढते, अंगातलं पाणी कमी होतं आणि बीपीही थोडं उतरतं. आता बघा, शुगरच्या गोळीने लघवी वाढली, म्हणून लघवीच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली, त्या गोळीने बीपी आणखी उतरलं, असं तुमच्या घरी झालंय का, हे पाचातला एकही डॉक्टर एकट्याने सांगू शकत नाही. ‘माझ्या गोळीने नाही’ म्हणणारा प्रत्येक जण कदाचित खरंच बोलत असेल.

यासाठी काकांचं बीपी आडवं असताना आणि उठून उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी, असं मोजायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. खुर्चीत बसवून एकदाच पट्टा गुंडाळला की यातलं काही दिसत नाही. तोवर काकांनी उठताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसावं आणि मगच उभं राहावं. आणि हे वाचून एकही गोळी परस्पर बंद करू नका. विशेषतः स्टेंटनंतर रक्त पातळ राहावं म्हणून ज्या गोळ्या चालू आहेत त्यांना हात लावायचा नाही. दात काढायचा असला तरी हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

मुंग्यांचंही तसंच. डायबेटिसने पायाच्या नसा बिघडतात हे खरं, पण वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या अंगात बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही मुंग्या येतात. रक्ताची साधी तपासणी आहे. न्यूरोच्या डॉक्टरांनी ती केलेली असेलही. फाइलमध्ये शोधा, नसेल तर विचारा.

आता ही फाइल. येत्या रविवारी घरातल्या सगळ्या गोळ्या, थेंब, मलमं, आयुर्वेदिक चूर्णं, शेजारणीने दिलेली गुडघ्याची गोळी, सगळं एका कापडी पिशवीत भरा. रिकाम्या स्ट्रिपाही टाका. मग एका कागदावर ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात जे मूळ औषधाचं नाव छापलेलं असतं ते उतरवून काढा. दोन वेगळ्या डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी एकच औषध दिलंय, हे अशा वेळी उघड होतं. टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या औषधांचे ब्रँड इतके आहेत की असं सहज घडतं. पुढे जो डॉक्टर निवडाल त्याच्यापुढे ही पिशवी ओता. त्याने ती बाजूला सारून नवीन चिठ्ठी लिहायला घेतली तर दुसरा डॉक्टर शोधायचा.

तो शोधायचा कसा? इंटरनेटवरच्या तारका बघून तर नाही. तुमच्या इमारतीखालच्या केमिस्टला दुपारच्या निवांत वेळी विचारा, ‘तुमच्या आईला कुणाकडे नेता?’ कोणता डॉक्टर चांगला असं विचारलंत तर तो धंद्याचं उत्तर देईल. आईचं विचारलंत तर खरं देईल. ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर विचारा, पण तिथे प्रत्येकाचा डॉक्टर देवच असतो, म्हणून एकच प्रश्न: रात्री फोन केला तर उचलतो का, आणि घरी येतो का? पोळ्यांच्या मावशी असतील तर त्यांनाही विचारा. पैसे जपून खर्च करणाऱ्या माणसांना कोण उगाच तपासण्या लावतो ते बरोबर ठाऊक असतं.

दोन-तीन नावं हाती आली की काकांना लगेच नेऊ नका. आधी तुम्ही तुमचे गुडघे घेऊन जा. बाहेरच्या बाकावर बसून बघा, आत गेलेला माणूस किती वेळाने बाहेर येतो. अशक्तपणा म्हटल्याबरोबर सलाइन लावणाऱ्याकडून उठून या. ‘याच लॅबमधून करा, दुसरीकडचा रिपोर्ट चालणार नाही’ असं विनाकारण अडून बसणाऱ्याकडूनही. पेशंट पाठवल्याबद्दल लॅबकडून कट घेण्याच्या या पद्धतीविरुद्ध २०१७ मध्ये आपल्या राज्यात कायद्याचा मसुदा तयार झाला होता, यावरून रोग किती जुना ते समजा. चांगल्याची खूण एकच सांगते: तो ‘हे माझ्या आवाक्यातलं नाही, अमक्याकडे जा’ असं बिनदिक्कत म्हणतो आणि त्या अमक्याला द्यायला चिठ्ठीत दोन ओळी लिहितो.

पदवी पाहायची का? पाहायची. आपल्या उपनगरांत दवाखाना चालवणारे पुष्कळ जण बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात आणि सर्दी-तापाला त्यांच्यातल्या चांगल्या माणसावर माझाही भरवसा आहे. पण स्टेंट, डायबेटिस आणि अकरा गोळ्या हे प्रकरण एमडी मेडिसिन असलेल्या फिजिशियनकडेच हवं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर डॉक्टरच्या नावाने नोंदणी तपासता येते. त्यात संकोच कसला? आपण प्लंबरचीही चौकशी करतो. वृद्धांच्या आजारांचे खास तज्ज्ञ, ज्यांना जेरियाट्रिशियन म्हणतात, ते आपल्याकडे अजून मोजकेच आहेत. भायखळ्याच्या जेजे रुग्णालयाला वृद्धांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात प्रादेशिक केंद्राचा दर्जा आहे. औषधांचा गुंता कुणालाच सुटेना तर एकदा तिथली ओपीडी करा. रांग लागते, सकाळी लवकर पोहोचावं लागतं, डबा सोबत घ्या.

सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांबद्दल तुमच्या पत्रात अवाक्षर नाही, आणि मुलगा तर कॅनडातून केईएमचं नावही काढणार नाही. केईएम १९२६ सालापासून परळला उभं आहे, सायन, नायर आणि कूपर आहेत, तुमच्या बाजूला कांदिवलीचं शताब्दी आहे. निदानच होत नसेल तर शिकवणाऱ्या रुग्णालयात जावं, कारण तिथले डॉक्टर रोज जितके अवघड पेशंट पाहतात तितके खाजगीत सहसा येत नाहीत. पण चार दिवस ॲडमिट होऊन पडायची वेळ आली आणि सोबतीला फक्त तुम्ही असाल, तर तिथे औषधं आणायला, कागद फिरवायला, स्ट्रेचर ढकलायला घरचं माणूस लागतं. तुमचे गुडघे त्यासाठी नाहीत. म्हणून सल्ल्यासाठी सरकारी आणि भरतीसाठी जवळचं खाजगी, असा मिश्र हिशेब तुमच्या वयाला बरा. दोन भेटींच्या मधल्या शुगर-बीपीच्या तपासण्या महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’त फुकट होतात. रोजच्या जुन्या गोळ्यांपैकी कोणत्या सरकारच्या स्वस्त औषधांच्या जनऔषधी केंद्रातून घ्यायला हरकत नाही तेही नव्या डॉक्टरांना विचारा. महिन्याचं बिल बघून तुम्हीच चकित व्हाल.

काकांच्या गिरगाव वाऱ्या बंद करू नका. माणूस इतकी वर्षं ज्याच्यापुढे बिनधास्त शर्टाची बटणं सोडत आला, त्याच्याशी बोलून निम्मं बरं वाटतंच. आता तर गिरगावला भुयारी मेट्रोचं स्टेशन झालंय. दहिसरहून मेट्रो ७ ने गुंदवली, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, आणि पुढे भुयारी ॲक्वा लाइन. दोनदा बदलावं लागतं, पण लिफ्ट आहे आणि धक्काबुक्की लोकलपेक्षा कमी. तुमच्या बाजूच्या २ए आणि ७ या मार्गांवर ६५ वर्षांवरच्यांना भाड्यात २५ टक्के सवलतही मिळते, पास काढून घ्या. मात्र पुढच्या फेरीला काकांबरोबर तुम्हीही जा आणि डॉक्टरांकडून एक काम करून घ्या. नव्या डॉक्टरांच्या नावे एक पानभर पत्र लिहून मागा: कोणता आजार कधी सुरू झाला, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आलं, कोणतं औषध देऊन पाहिलं आणि का बंद केलं, घरात कुणाला काय होतं. या गोष्टी कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये नाहीत, फक्त त्या ७८ वर्षांच्या माणसाच्या डोक्यात आहेत. हे या महिन्यातच करा. का ते लिहीत नाही.

अंधेरीच्या हॉस्पिटलातून स्टेंटचे सगळे कागदही मागून घ्या: डिस्चार्ज समरी, अँजिओग्राफीची सीडी, स्टेंटचं कार्ड. लेखी मागितल्यावर ७२ तासांत नोंदी देणं हे डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासून लिहिलेलं आहे. पण ॲडमिट पेशंटच्या नोंदी तीन वर्षंच जपून ठेवायचं बंधन आहे, म्हणून आळस नको.

रात्रीच्या हॉस्पिटलसाठी रंगीत तालीम करा, काकांची तब्येत उत्तम असताना. घरापासून अर्ध्या तासात गाठता येतील अशी दोन हॉस्पिटलं निवडा. हायवेच्या कोणत्या बाजूला आहेत तेही बघा, कारण संध्याकाळी दहिसर टोलनाक्याजवळ काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. मग एखाद्या दुपारी कॅज्युअल्टीत जाऊन विचारा. रात्री दोन वाजता सीटी स्कॅन चालू असतो का? कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची खोली, आहे का, आणि हार्टचे डॉक्टर बोलावल्यावर किती वेळात पोहोचतात? आमच्या पॉलिसीवर कॅशलेस आहे का, डिपॉझिट किती लागतं? अर्धांगाच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी करावाच लागतो. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोबडी वळली, की ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणायचं नाही. १०८ ला फोन करा, नाहीतर खालच्या रिक्षात बसा, पण सीटी नसलेल्या नर्सिंग होममध्ये तास घालवू नका. तातडीच्या पेशंटला पोलिसांच्या कागदांसाठी अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगून ठेवलंय. तरीही आधार कार्ड, पॉलिसीचं कार्ड, औषधांची यादी आणि शेवटचा ईसीजी एका पाकिटात घालून दाराजवळ टांगून ठेवा. वॉचमनला दाखवून ठेवा. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं की खुर्चीत बसवून न्यावं लागेल, हेही त्यालाच ठाऊक असतं.

मुलाची ‘सगळं एका मोठ्या हॉस्पिटलात’ ही सूचना अगदीच टाकाऊ नाही. रेकॉर्ड एकत्र राहतं हा तिचा फायदा. पण मोठ्या हॉस्पिटलातही तुम्ही पाच वेगवेगळ्या मजल्यांवर पाच डॉक्टरांनाच भेटता, आणि पाचांना जोडणारा माणूस तिथेही आपोआप मिळत नाही. शिवाय प्रत्येक फेरीला दहिसरहून टॅक्सी. त्याला सांगा, पैशांपेक्षा तुझा वेळ दे. महिन्यातून एकदा नव्या डॉक्टरांच्या भेटीच्या वेळी फोनवर हजर राहा, प्रश्न तू विचार. परदेशातल्या मुलांना काळजी फार असते आणि काम काही नसतं, मग ती रात्री अकराला नवीन हॉस्पिटलांच्या लिंका पाठवत बसतात.

मेडिक्लेम बंद करू नका. या वयात एकदा सोडलेली पॉलिसी त्याच अटींवर परत मिळत नाही. नवी घेतली तर जुन्या आजारांसाठी पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय, पुढच्या हप्त्यात ते उतरलंय का तपासा. ६० वर्षांवरच्यांचा हप्ता एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं, हा नियम जानेवारी २०२५चा. कंपनीच बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा, म्हणजे पूर्ण केलेला वेटिंग पीरियड सोबत येतो. पण स्टेंटनंतर नवी कंपनी घेईलच असं नाही. तिचा होकार हातात येईपर्यंत जुनीच धरून ठेवा.

पॉलिसीत एक गोष्ट मात्र आजच वाचा: खोलीच्या भाड्याची मर्यादा. पाच लाखांच्या जुन्या पॉलिसीत ती बहुतेक वेळा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये असते. तुम्ही ८,००० ची खोली घेतलीत तर फरक फक्त दिवसाचे ३,००० नसतो. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग या खर्चांनाही कंपनी तेच ५:८ चं प्रमाण लावते. हे खर्च दोन लाख झाले, तर कंपनी सव्वा लाख देते आणि ७५,००० तुमच्या खिशातून जातात. औषधं आणि स्टेंटसारख्या वस्तूंना ही कपात लावता येत नाही, एवढाच दिलासा. माझ्या ओळखीच्या एका घरात मुलीने ‘आईला सेमी-प्रायव्हेट नको, नीट खोली द्या’ असं प्रेमाने म्हटलं आणि डिस्चार्जच्या दिवशी टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, खिडकीवर तिला रडू कोसळलं. तेव्हा भरतीच्या वेळी डेस्कवर वाक्य ठरलेलं असू द्या: ‘आमच्या पॉलिसीत बसेल तीच खोली.’ डिस्चार्जचे कागद पोहोचल्यापासून तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असा २०२४ चा नियम आहे. उशीर झाला तर नम्रपणे पण मोठ्याने त्याची आठवण करून द्या.

काका ७१ वर्षांचे आहेत, म्हणजे आयुष्मान वय वंदना कार्ड त्यांना लगेच मिळेल. ऑक्टोबर २०२४ पासून ७० पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे भरतीचे उपचार त्यात आहेत, आणि खाजगी मेडिक्लेम असला तरी चालतं. आधार कार्डावर निघतं. तुमच्यासाठी रेशन कार्ड शोधून काढा, पांढरं असलं तरी. भरतीच्या मोफत उपचारांची महात्मा फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या रंगांच्या कार्डांना खुली आहे. दोन्हींची अडचण एकच: हॉस्पिटल यादीत असायला हवं, आणि त्या विशिष्ट आजारासाठी यादीत असायला हवं. रंगीत तालमीच्या दिवशी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनांची मदत करायला बसलेल्या माणसाला, भेटून हे विचारून ठेवा.

आणि काकू, तुमचं ‘मला तसं काही नाही’. कुणी शेवटचं कधी तपासलं होतं? ६६व्या वर्षी तुमचं स्वतःचं बीपी, शुगर, हाडांची घनता, मॅमोग्राफी, डोळे, यांचा एकही कागद नसेल तर ‘काही नाही’ म्हणायला आधार काय? गुडघ्यासाठी केमिस्टकडून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज घेत असाल तर त्या किडनीला आणि बीपीला बाधतात. हे नव्या डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा. तुमच्या नावाची वेगळी फाइल हवी, काकांच्या फाइलच्या मागच्या कप्प्यात नको. दोघांनी फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची कोणती, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

एक अवघड विषय, थोडक्यात. व्हेंटिलेटरवर किती काळ, घरी कधी आणायचं, हे काका शुद्धीत असताना त्यांच्याकडूनच ऐकून ठेवा आणि लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने अशा वैद्यकीय इच्छापत्राला २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मुंबई महापालिकेने अशी पत्रं जपून ठेवायला अधिकारी नेमलेत. मुलगा विमानात असेल तेव्हा निर्णय तुमच्या एकटीवर येऊ नये, एवढ्यासाठी.

राहिलं गुहागर. काकांच्या ओढीला मी नावं ठेवणार नाही. दहिसरच्या सातव्या मजल्यावरून कुणालाही गावचं अंगण आठवेल. कोकणात पूर्वीसारखं काहीच नाही असंही राहिलेलं नाही. चिपळूणजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, रत्नागिरीला सरकारी मेडिकल कॉलेज झालंय. पण स्टेंट बसलेल्या माणसाला गुहागरहून चिपळूण गाठायलाच तासभर तरी लागतो, तेही रस्ता कोरडा आणि गाडी दारात असेल तर. गावात रात्री गाडी चालवणारा कोण, त्याचा फोन लागतो का, आणि काकांना काही झालं तर तुम्ही एकट्या त्या घरात काय कराल, याची उत्तरं काकांनी द्यायची आहेत. वाद घालू नका, फक्त विचारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जाऊन राहा. तिकडचा एक डॉक्टर याच पद्धतीने शोधा, पिशवी सोबत न्या. ते जमलं तर पुढच्या वर्षी जुलैचा अख्खा महिना राहा, वीज जाते तेव्हा, साकवावरून पाणी जातं तेव्हा. तोवर दहिसरची जागा विकायची नाही आणि भाड्यानेही द्यायची नाही. काका ऐकत नसतील तर हे पत्र त्यांना वाचायला द्या. गिरगावच्या डॉक्टरांनाही एक प्रत द्या. ते सांगतील ते काका ऐकतील.